खडा खरा की खोटा? भिशीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सराफ नाही, रत्नपारखी नाही, डिप्लोमा वगैरे काही नाही. इंदूरला राजेंद्र नगरात राहते, बँकेतून रिटायर झाले आणि खड्यांचा नाद लागला, बस्स. पण पर्समध्ये लूप, म्हणजे खडे बघायचं छोटं भिंग, असतं हे एकदा कळलं की हळदीकुंकू असो, मुंज असो, कोणीतरी बोटातली अंगठी काढून हातात ठेवतंच, "जरा बघ ना गं, खरी आहे का?" तेच तेच प्रश्न, तीच तीच उत्तरं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. आता विचारलंत तर हेच पाठवीन.

तुला हा नाद लागला कसा?

फसले म्हणून. मुलाच्या पत्रिकेत गुरू की काहीतरी, तर पुखराज घ्यायला सांगितला, मी घेतला, पाच कॅरेटच्या वरचा, पिवळाधम्मक, एक डाग नाही, भाव पण परवडणारा. दुकानदार म्हणाला, "भिया को पहना दो, गारंटी का माल है." दोन वर्षांनी जयपूरला लग्नाला गेलो तेव्हा नात्यातल्या एका खडेवाल्याने हातात घेऊन नुसता तोलला आणि हसला. सुनेला निघाला. सुनेला म्हणजे सिट्रीन, पिवळा क्वार्ट्झ, वाईट काही नाही त्यात, दिसतो सुंदर, पण भाव पुखराजाच्या पासंगालाही पुरत नाही. बिलावर काय लिहिलं होतं? "येलो स्टोन १ नग". म्हणजे खोटं पण नव्हतं लिहिलेलं!

रंगावरून ओळखता येत नाही का? माणिक लाल, पन्ना हिरवा, सोपं तर आहे.

नाही. सगळी फसवणूक इथूनच सुरू होते. रंग म्हणजे खड्यात मिसळलेली चिमूटभर भेसळ असते हो. माणिक आणि नीलम हे एकच खनिज, कोरंडम, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. त्यात थोडं क्रोमियम आलं की लाल, लोखंड आणि टायटॅनियम आलं की निळं. शुद्ध असेल तर बिनरंगी. पिवळा पुखराज म्हणून विकतात तोही हाच. मग लाल रंगाचं काय काय असतं बघा: माणिक, लालडी म्हणजे स्पिनेल, गार्नेट, तुरमली, काच, आणि भट्टीत बनवलेलं माणिक. सगळे लाल.

राजेरजवाडे पण फसलेत यात. इंग्लंडच्या राजमुकुटात पुढेच एक मोठा लाल खडा आहे, ब्लॅक प्रिन्सचं माणिक म्हणतात त्याला, शेकडो वर्षं माणिक म्हणून मिरवला आणि निघाली लालडी. मोगलांकडचे ते मोठमोठे "लाल" पण बरेचसे बदख्शानच्या लालडीचेच. त्या काळी वेगळं करायचं साधन नव्हतं, आज ते पर्समध्ये मावतं.

नावांचा घोळ वेगळाच. पुखराज म्हणजे पुष्कराज, पण इंग्रजीतला टोपाझ नाही, टोपाझ हे अगदी वेगळं खनिज आणि पुष्कळ स्वस्त. आपल्या पन्ना जिल्ह्यात पन्ने नाहीत, हिरे सापडतात. बाजारात "जरकन" म्हणतात तो अमेरिकन डायमंड, कारखान्यातला, आणि खरा झिरकॉन म्हणून एक नैसर्गिक खडा असतो त्याचा याच्याशी काही संबंध नाही. म्हणून दुकानात नाव ऐकलं की मी पुढचं विचारते, कुठलं खनिज?

सुरुवातीला सामान काय घेऊ?

दहापटीचा ट्रिपलेट लूप, त्याला आपल्याकडे आयग्लास पण म्हणतात. तीसपट, साठपट लिहिलेले स्वस्तातले घेऊ नका, एक तर आकडा खोटा असतो आणि कडेला इंद्रधनुष्य दिसतं. ट्रिपलेटमध्ये तीन भिंगं चिकटवलेली असतात त्यामुळे चित्र कडेपर्यंत सरळ राहतं. मग एक बारीक टॉर्च, एक पॉकेट वजनकाटा जो ०.०१ ग्रॅम दाखवतो, आणि घरात कोणाचा जुना पोलराइज्ड गॉगल पडला असेल तर तो. एवढ्यावर माझी पहिली दोन वर्षं निघाली. नंतर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात उजेड किती वाकतो ते मोजायचं यंत्र, घेतला, तो महाग पडतो, नाद टिकतोय असं वाटलं तरच घ्या.

लूपमधून मला नुसतं धूसर दिसतं.

कारण तुम्ही वर्तमानपत्र वाचायच्या भिंगासारखा लांब धरता. लूप डोळ्याला जवळजवळ टेकवायचा, चष्म्याला टेकला तरी चालेल, आणि खडा पुढे आणत आणायचा, साधारण अडीच सेंटिमीटरवर एकदम स्पष्ट होतो. दोन्ही हात एकमेकांना टेकवले की थरथर थांबते. दुसरा डोळा मिटू नका, दहा मिनिटांत डोकं दुखतं. आणि आधी खडा पुसा! मला एकदा नीलमच्या आत सुंदर "रेशीम" दिसलं होतं, तो साडीचा धागा होता, वरच चिकटलेला.

बरं, दिसायला लागलं. आता आत बघायचं काय?

जमिनीत लाखो-करोडो वर्षं तयार झालेल्या गोष्टीत काहीतरी खूण राहतेच. दुसऱ्या खनिजाचे बारीक स्फटिक, बोटाच्या ठशासारखी जाळी, सुयांसारखे रेशमी तंतू, सरळ किंवा कोनात वळणाऱ्या रंगाच्या पट्ट्या. कोलंबियाच्या पन्न्यात तर एकाच पोकळीत पाणी, त्यात हवेचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी स्फटिक असं तिन्ही एकत्र दिसू शकतं, मी एकदाच बघितलंय, जयपूरला, आणि परत द्यायला जिवावर आलं होतं.

काचेत काय असतं, तर गोल बुडबुडे आणि पाकाच्या तारेसारखी वळणं, पैलूंच्या कडा पण झिजलेल्या गोलसर. भट्टीतल्या माणकात बारीक बुडबुडे आणि कमानीसारख्या वाकलेल्या रेघा, रांगोळीवर कंगवा गोल ओढला की कशा रेघा उमटतात, तशा. निसर्गातल्या कोरंडममध्ये वाढीच्या रेघा सरळ असतात, वाकत नाहीत. वाकलेली रेघ दिसली की खेळ संपला. मात्र रेघा दिसल्या नाहीत म्हणजे खडा नैसर्गिक असं उलटं नका करू, कधी कधी त्या फार पुसट असतात.

अजून एक, खड्याच्या वरून आत बघून मागच्या पैलूंच्या कडा बघा. एकेक कड दोन-दोन दिसते का? खऱ्या झिरकॉनमध्ये आणि मॉयसनाइटमध्ये, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कारखान्यातल्या खड्यात, ती स्पष्ट दुहेरी दिसते. हिऱ्यात कधीच नाही.

ते पाण्यात वजन करायचं काय म्हणत होतीस?

माझा सगळ्यात लाडका प्रयोग, कारण यात कोणाच्या मताचा प्रश्न नाही, नुसता भागाकार. फक्त सुट्ट्या खड्यावर करता येतो, अंगठीत बसवलेल्यावर नाही.

आधी खडा काट्यावर कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्य करा. खडा बारीक दोऱ्याने बांधा आणि पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असा लटकता धरा. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी खड्याने बाजूला सारलं. कोरडं वजन भागिले तो आकडा, झाली घनता.

माझा तो "पुखराज" १.०६ ग्रॅम होता, म्हणजे ५.३ कॅरेट. पाण्यात आकडा आला ०.४०. भागाकार २.६५. क्वार्ट्झची घनता २.६५, कोरंडमची ४.००. पुखराज असता तर आकडा ०.२६ किंवा ०.२७ यायला हवा होता. ०.४० आणि ०.२७ यात एवढं अंतर आहे की स्वस्तातल्या काट्याची चूक धरली तरी उत्तर बदलत नाही. दुकानात पाच मिनिटं लागली असती!

पण खडा लहान असेल, एक-दीड कॅरेटचा, तर हा काटा भरवशाचा नाही, शेवटचा आकडा एकाने हलला तरी उत्तर कुठच्या कुठे जातं. दोऱ्याला बुडबुडा चिकटला असेल तर तोही गडबड करतो, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात. तोंडपाठ ठेवण्यासारखे आकडे थोडेच आहेत: पन्ना २.७२ च्या आसपास, हिरा ३.५२, टोपाझ ३.५३, लालडी ३.६०, माणिक-नीलम ४.००, अमेरिकन डायमंड जवळपास ६, म्हणजे हिऱ्याच्या मानाने चांगलाच जड. काचेला धरबंध नाही, शिसं घालतील तशी ती जड होते. आणि भट्टीतल्या माणकाची घनता पण ४.००च येते बरं का, ते खनिज तेच आहे ना.

आणि गॉगलचं काय?

लॅपटॉपवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, समोर पोलराइज्ड गॉगलची काच धरून फिरवत फिरवत स्क्रीन काळा होईल तिथे थांबा. आता मधे खडा धरा आणि खडा फिरवा. एका पूर्ण फेरीत चार वेळा उजेड-अंधार, उजेड-अंधार झालं तर तो दुहेरी वक्रीभवनाचा, आत शिरलेल्या उजेडाचे दोन भाग करणारा, म्हणजे माणिक, नीलम, पन्ना, क्वार्ट्झ या घरातला. काळाच राहिला तर काच, गार्नेट, लालडी किंवा हिरा. दोन-तीन बाजूंनी धरून बघा कारण दुहेरीवाल्यांना पण एखादी दिशा अशी असते जिथे ते काळेच राहतात. काचेत कधी कधी सापासारखे काळे पट्टे सरकताना दिसतात, त्याला भुलू नका.

तीच काच खिडकीच्या उजेडात, लॅपटॉपशिवाय, नुसती माणकावर धरून फिरवली तर लालाचे दोन वेगळे रंग दिसतात, एकदा जांभळट, एकदा केशरी झाक. गार्नेट ढिम्म, एकच रंग. आणि नीलम म्हणून काका-नीली, म्हणजे आयोलाइट, गळ्यात मारली असेल तर तिला गॉगल पण लागत नाही, हातात फिरवली तरी एका बाजूने निळी-जांभळी आणि दुसऱ्या बाजूने फिक्कट पाणी दिसते.

दुधात माणिक टाकलं की दूध गुलाबी होतं म्हणतात?

लाल खड्यातून उजेड आला की दूध गुलाबी दिसणारच, काच टाका, तेच होईल. हिऱ्यावर फुंकर मारून वाफ किती लवकर उडते ते बघतात, त्यात थोडं तथ्य आहे कारण हिऱ्यात उष्णता झटकन पसरते, पण मॉयसनाइटमध्येही पसरते. काचेवर ओरखडा काढणं तर बंदच करा, क्वार्ट्झ पण काच कापतो, आणि पन्ना असेल तर कोपरा तुम्हीच उडवाल. मोती जाळून बघणारे पण आहेत. खरा असेल तरी जळेल ना!

माझी तर आजीची अंगठी आहे, ऐंशी वर्षं जुनी. ती तरी खरी ना?

हे उत्तर देताना मी आधी चहा ठेवते. फ्रान्समध्ये ऑग्युस्त व्हर्नुई नावाच्या माणसाने ज्योतीत पूड वितळवून माणिक बनवायची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली आणि त्यानंतर असे खडे जगभरच्या बाजारात ढिगाने आले. म्हणजे तुमच्या पणजीच्या लग्नात पण बनवलेलं माणिक असू शकतं, आणि तेव्हा सराफालाही पुष्कळदा माहीत नसायचं. माझ्याच आजीची, होळकर रियासतीच्या काळातली, सोनं एकदम बावनकशी, आत लूप लावला तर रांगोळीच्या कमानी. आईला सांगितलंच नाही मी. अंगठी अजून तिच्या बोटात आहे.

सिंथेटिक म्हणजे खोटाच ना?

नाही, हे चार वेगळे प्रकार आहेत आणि दुकानात मुद्दाम एकात एक मिसळतात. एक नैसर्गिक, जमिनीतून निघाला, कापला, झाला. दुसरा नैसर्गिकच पण ट्रीटमेंट केलेला, भट्टीत तापवलेला, तेल मुरवलेला, काच भरलेला. तिसरा सिंथेटिक, खनिज तेच पण कारखान्यात वाढवलेलं. चौथा इमिटेशन, दिसतो तसा पण आहे भलतंच, उदाहरणार्थ हिरवी काच. तापवलेलं माणिक-नीलम यात गैर काही नाही, बाजारात बहुतेक तापवलेलेच असतात, रंग खुलतो, टिकतो. न तापवलेल्याला भाव जास्त मिळतो, म्हणून "नो हीट" म्हटलं की लॅबचा कागद मागायचा. गैर काय, तर न सांगता विकणं.

मोठं, स्वच्छ, लालबुंद माणिक फार स्वस्तात मिळतंय, घेऊ?

मोठं, स्वच्छ आणि स्वस्त, या तिन्हीतलं दोन मिळालं तरी नशीब समजा. तिन्ही मिळत असेल तर एक तर ते भट्टीतलं नाहीतर शिशाची काच भरलेलं. हा दुसरा प्रकार साधारण २००४ पासून बाजारात फार पसरला. हलक्या प्रतीचं, चिरा-चिरांनी भरलेलं कोरंडम घेतात, त्या चिरांमध्ये शिशाची काच वितळवून भरतात, चिरा नाहीशा होतात. लूपखाली खडा हलवला की आत निळसर चमक सळकन जाते आणि चपटे बुडबुडे दिसतात.

भिशीतल्या एकीने अशी अंगठी घट्ट होते म्हणून सोनाराकडे सैल करायला टाकली. परत आली ती दुधाळ चिरांची जाळी होऊन. सोनाराशी भांडण, सोनार म्हणतो मी फक्त सोनं तापवलं, आणि तो खरंच बोलत होता, ती काच बत्तीला आणि तेजाबाला टिकत नाही. लिंबाच्या रसाने पण खराब होते म्हणजे विचार करा, भेळ करताना अंगठी काढायची की काय.

पन्न्यात चिरा आहेत, परत करू का?

पन्न्यात चिरा असणारच, त्याच्या आतल्या जाळ्याला तर बागेची उपमा देतात. तेल मुरवतात तेही जुनं आहे, सीडरचं तेल चिरेत गेलं की चीर दिसेनाशी होते. तेल किती आणि कसलं, हलकं तेल की राळ, हे विचारा, भाव त्यावर ठरतो. जयपूरला आज झांबियाचे पन्ने मोठ्या प्रमाणावर कापले जातात, त्यांच्यात निळसर झाक असते आणि लोखंड जास्त असतं. चेल्सी फिल्टर नावाची एक रंगीत काच मिळते, १९३४ ची लंडनची युक्ती, तिच्यातून कोलंबियाचे बरेच पन्ने लाल दिसतात, झांबियाचे बहुधा हिरवेच राहतात, आणि कारखान्यातले तर पुष्कळदा जास्तच लाल. म्हणजे लाल दिसला म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत.

पन्न्याची अंगठी गरम पाण्यात, सोनाराच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये घालू नका, तेल निघून जातं. कोमट पाणी, मऊ ब्रश, बस.

हिरा खरा की अमेरिकन डायमंड की लॅबचा?

तीन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकन डायमंड ओळखणं सोपं, हिरा तपासायचं पेनसारखं मशीन टेकवलं की कळतं, लूपखाली पैलूंच्या कडा पण झिजलेल्या असतात. मॉयसनाइटला साधं उष्णतेवालं पेन फसतं आणि हिरा म्हणून बीप देतं, तिथे ती दुहेरी कड बघायची. लॅबमध्ये वाढवलेला हिरा मात्र हिराच असतो, कार्बनच, पेन, लूप, घनता, कशालाही वेगळा सापडत नाही. तिथे मोठ्या लॅबचीच मशीनं लागतात. कमरेवर, म्हणजे हिऱ्याची जी सगळ्यात रुंद कड असते तिच्यावर, लेझरने नंबर कोरलेला असतो तो लूपखाली वाचून सर्टिफिकेटशी जुळवा. विकताना लॅबच्या हिऱ्याला काय मिळेल ते घेतानाच विचारून ठेवा, कारण त्यांचे भाव गेल्या काही वर्षांत फार उतरलेत.

इंदूरकरांना हिऱ्यांबद्दल बोलायचा हक्क आहे म्हणा. तुकोजीराव होळकर तिसऱ्यांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून दोन नासपतीच्या आकाराचे हिरे घेतले, ४६.९५ आणि ४६.७० कॅरेट, आजही "इंदूर पेअर्स" म्हणूनच ओळखतात. १९४६ मध्ये ते हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याकडे गेले, त्याने पुन्हा कापले तर ४४.६२ आणि ४४.१८ उरले. नाव तेच राहिलं, वजन बदललं, म्हणून कागदावरचं वजन आणि काट्यावरचं वजन आधी जुळवायचं, हिरा कितीही नामांकित असो.

मोती आणि पोवळं?

मोती एकमेकांवर हळूच घासा, खरा किंचित खरखरतो, प्लास्टिक-काचेचा गुळगुळीत सरकतो. लूपने भोकाच्या तोंडाशी बघा, नकली असेल तर वरचा लेप सोललेला दिसतो. "कल्चर्ड आहे म्हणजे खोटा" हा गैरसमज, कल्चर्ड मोती शिंपल्यातच वाढतो, फक्त सुरुवात माणसाने करून दिलेली असते, आणि आज दुकानात जे खरे मोती दिसतात ते जवळजवळ सगळे तसेच. नथीतला जुना बसरा, म्हणजे समुद्रातला नैसर्गिक मोती, असेल तर गोष्ट वेगळी, तो एक्स-रे काढूनच ठरतो.

पोवळ्यावर लूपखाली बारीक समांतर रेघा दिसतात, लाकडाच्या रेषांसारख्या. अगदी एकसारखं, गुळगुळीत, बुडबुडेवालं असेल तर काच किंवा प्लास्टिक. अत्तर, व्हिनेगर, लिंबू दोघांनाही वैरी.

गोमेद, लसण्या?

गोमेद सोपा. लूपमध्ये आत असं दिसतं की जिलेबीचा पाक पाण्यात ओतलाय आणि अजून मिसळला नाही, सगळं डुलल्यासारखं. दिसलं की पक्कं. लसण्यात बघा तो क्रायसोबेरिल आहे की क्वार्ट्झ, दोघांतही मांजराच्या डोळ्याची रेघ असते पण भावात जमीन-अस्मान. घनता करा, क्रायसोबेरिल ३.७३, क्वार्ट्झ २.६५.

दुकानात रत्तीत सांगतात, लॅब कॅरेटमध्ये, कुठला खरा?

कॅरेट म्हणजे ठरलेला ०.२ ग्रॅम, जगभर तोच. रत्तीचं तसं नाही. खड्यांच्या बाजारातली पक्की रत्ती साधारण १८२ मिलिग्रॅम, सोनाराची रत्ती साधारण १२१. म्हणजे "पाच रत्ती"चा खडा एकाच्या हिशोबाने साडेचार कॅरेटच्या वर, दुसऱ्याच्या हिशोबाने तीन कॅरेट! भाव प्रति रत्ती सांगितला तर सरळ म्हणायचं, काका, कॅरेटमध्ये सांगा आणि काट्यावर दाखवा.

दागिन्यावर हॉलमार्क आहे, मग खडे पण खरेच असतील?

हॉलमार्क सोन्याचा. खड्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, आणि हे मी भिशीत किमान वीसदा सांगितलंय. बिलात एकूण वजन, खड्यांचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या, नाहीतर काच सोन्याच्या भावाने घेऊन याल. खड्याचं नाव, नैसर्गिक की सिंथेटिक, ट्रीटमेंट कुठली, कॅरेट किती, हे बिलावरच. "तोंडी गॅरंटी" म्हणाले की मी उठते. महागाचा खडा असेल तर जयपूरची आयआयजीजे-आरएलसी, म्हणजे पूर्वीची जेम टेस्टिंग लॅब, आहे, मुंबईत जीआयए आहे, आयजीआय आहे. दुकानदाराने स्वतःच छापलेलं लॅमिनेटेड कार्ड म्हणजे लॅब रिपोर्ट नव्हे.

कुंदन-पोलकी कशी तपासायची?

खरं सांगायचं तर घरी नाही तपासता येत. मागे चांदीचा वर्ख लावून बंद केलेलं असतं, उजेड आरपार जात नाही, वर्खाला रंग दिला तर खडाच रंगीत दिसतो. ओळखीच्या दुकानातून घ्या.

सराफ्यात खडे बघायला कधी जावं?

दुपारी. रात्री इंदूरचा सराफा बाजार खाण्यासाठी आहे, भुट्ट्याचा कीस खा, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खा, दुकानं तेव्हा बंदच असतात. पण संध्याकाळी सात वाजता दुकानातल्या पिवळ्या स्पॉटलाइटखाली पण माणिक घेऊ नका, त्या उजेडात वीट पण माणिक दिसेल. खडा हातात घेऊन ओट्यावर या, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर उलटा ठेवा. उलटा ठेवल्यावर कडेने लाल कडं दिसलं आणि बाकी खडा निळा-हिरवा असेल तर ते डबलेट, वरती गार्नेटची पातळ चकती आणि खाली काच चिकटवलेली. जुन्या दागिन्यांत अजून सापडतात. लूप काढला म्हणून दुकानदार रागावत नाही, चांगला असेल तर उलट खुश होतो, स्टूल देतो, चार खडे जास्त दाखवतो. माझं अर्धं शिक्षण अशा स्टुलांवर झालंय.

सरावासाठी खडे कुठून आणू?

महागाचे आणू नका. सुनेला, जामुनिया म्हणजे ॲमेथिस्ट, गार्नेट, लाल काच आणि भट्टीतलं माणिक, एकेक घ्या, डब्यांवर नाव लिहून ठेवा आणि महिनाभर रोज बघा. मग घरातल्या कोणाला तरी डबे सरमिसळ करायला लावा, आमच्याकडे हे काम नातवाचं. आणि फुकटात हवे असतील तर ओंकारेश्वरला किंवा महेश्वरला गेलात की नर्मदेच्या गोट्यांत बघा, आपला सगळा माळवा लाव्हाच्या खडकावर बसलाय, त्याच्या पोकळ्यांतले अकीक आणि जास्पर वाहत येतात. ओला केला की पट्टे दिसतात. दोन-चार उचला, पोतं भरू नका.

रत्न घातल्याने फरक पडतो का?

हे मला विचारू नका, पंडितजींना विचारा. मला एवढंच दिसतं की "एकही दोष नको, पाच रत्तीच हवा, आणि बजेट एवढंच" अशी यादी घेऊन माणूस सराफ्यात गेला की त्याला भट्टीतलाच खडा मिळतो, कारण त्या पैशात दुसरं काही त्या यादीत बसतच नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते, सांगशील?

फोटोत फक्त रंग दिसतो, आणि रंगाचं मी वर सांगितलंच. सुटा खडा असेल तर कोरडं वजन आणि पाण्यातला आकडा पाठवा, सोबत लॅपटॉप-गॉगलमध्ये चमकला की काळा राहिला ते. अंगठीत असेल तर शुक्रवारी भिशीला घेऊन या, आणि येताना हातावरची क्रीम पुसून या.